शांत किनाऱ्यावर शिट्टी कोण वाजवणार?

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर नंतर वाचा. पण पोराबाळांना घेऊन समुद्रावर जायचा बेत असेल, तर जायच्या आधी वाचा.

मागच्या रविवारी संकष्टी होती. बऱ्याच महिन्यांनी मला रविवारी सुट्टी मिळाली, म्हणून आई, बायको, मुलगी आणि बहिणीची दोन पोरं असे आम्ही सहाजण गाडीत कोंबून बसलो आणि समुद्रावर गेलो. रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातलं गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. का ते पुढे सांगतो. वर जांभ्याचा उघडा सडा, सड्याच्या टोकाला सरळ तुटलेला कडा आणि कड्याच्या पायथ्याशी अर्ध्या किलोमीटरची पुळण. उतरायला वाट आहे, आईलासुद्धा धरून धरून उतरता आली. खाली वडापावची गाडी नाही, उंटवाला नाही, वॉटर स्पोर्ट्स नाहीत, मोठ्याने गाणी लावणारी गाडी नाही. पोरं खेकड्यांच्या मागे पळत होती. उपासाची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, थर्मासमध्ये चहा. आई म्हणाली, "इथं दोन दिवस राहायला हवं." खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटलं.

आमच्याशिवाय तिथे अजून एकच कुटुंब होतं. सांगलीकडचं. नवरा-बायको, त्यांची दोन मुलं आणि नवऱ्याची आई. पुळ्याला संकष्टीचं दर्शन पहाटेच उरकून गर्दी टाळायला इकडे आलेले. साधी माणसं. दारू नाही, आरडाओरडा नाही, हातात कचऱ्याची पिशवी. अकराच्या सुमारास पुळणीच्या दक्षिण टोकाला कातळ ओलांडून ते पलीकडच्या छोट्या पुळणीवर गेले. ओहोटी होती, कातळ कोरडा होता, घोट्याएवढंही पाणी नव्हतं. आम्हीसुद्धा जाणार होतो. आईचे गुडघे दुखायला लागले म्हणून राहिलो.

एक वाजता माझी मुलगी म्हणाली, "बाबा, ते लोक हाका मारतायत बहुतेक."

बघतो तर ज्या कातळावरून ते गेले होते त्यावर लाटा फुटत होत्या. पलीकडे तो माणूस धाकट्या पोराला खांद्यावर घेऊन पाण्यात उतरायच्या तयारीत. मी ओरडलो. वारा आणि लाटांचा आवाज असा की शंभर मीटरवर माझा आवाज पोचेना. फोन काढला, रेंज नाही. रेंज वर सड्यावर. चढायला वीस मिनिटं.

तेवढ्यात कड्यावरून एक शिट्टी आली. बोटं तोंडात घालून मारलेली, कान फाडणारी. वाडीतला एक मच्छीमार वर जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याने हात आडवे हलवले, पुन्हा शिट्टी मारली आणि ओरडला, "पान्यात उतरू नको! पोराला खाली घे! तिथंच ऱ्हा!" तो माणूस थांबला. मच्छीमार गुरांच्या वाटेने घळीतून पलीकडे उतरला. सगळ्यांना कड्याला लागून असलेल्या एका उंच कातळावर घेऊन गेला आणि त्यांच्याबरोबर बसून राहिला. त्याला माहीत होतं की त्या कातळावर भरतीचं पाणी चढत नाही. आणि हेही माहीत होतं की आजीला घळीतून वर नेणं शक्य नाही. तीनच्या सुमारास भरती पूर्ण झाली, मग पाणी उतरायला लागलं. पाच वाजता पाचहीजण कोरड्या पायांनी परत आले.

कुणी मेलं नाही, त्यामुळे बातमी झाली नाही. मी स्वतः पत्रकार असून बातमी दिली नाही, कारण दिली असती तरी छापली गेली नसती. पाचजण बुडाले असते तर पहिल्या पानावर आली असती, आमदारांचा शोकसंदेश आला असता आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर बंदीचा कागद लागला असता.

चहा पिताना मी त्या मच्छीमाराला म्हटलं, "काका, तुमच्यामुळे वाचले." तो म्हणाला, "आज मी घरात व्हतो म्हनून. उद्या होडी घेऊन भायेर असलो तर?"

हा प्रश्न घेऊन मी आठ दिवस फिरतोय. आज तो तुमच्यासमोर ठेवतो.

आधी माझी चूक कबूल करतो. चार वर्षांपूर्वी सुट्टीच्या पुरवणीत मी असाच एक लेख लिहिला होता. "गर्दीपासून दूर, कुटुंबासह निवांत वेळ घालवण्यासाठी उत्तम किनारा." जिल्ह्यातला दुसरा एक किनारा होता. रस्ता कुठे वळतो, गाडी कुठे लावायची, जेवण कुणाकडे सांगायचं, सगळं लिहिलं. भरती कधी येते, कुठल्या टोकाला जायचं नाही, तिथे वाचवायला कुणी आहे का, यातलं एक अक्षर लिहिलं नाही. तेव्हा सुचलंच नाही. माहितीपत्रकं तसंच लिहितात, रील करणारी पोरं तसंच सांगतात, हॉटेलवाले तसंच सांगतात. म्हणून या वेळी गावाचं नाव लिहीत नाही. तिथे बघायला माणूस उभा राहील त्या दिवशी नावासकट, फोटोसकट लिहीन.

आपण सगळे 'शांत' आणि 'सुरक्षित' हे दोन शब्द एकच समजून वापरतो. शांत किनारा म्हणजे काय? तर तिथे माणसं नाहीत. म्हणजे बुडणाऱ्याची हाक ऐकायला कुणी नाही, दोर टाकायला कुणी नाही, रुग्णवाहिकेला फोन करायला रेंज नाही. गणपतीपुळ्याला गर्दी असते, पण तिथे जीवरक्षक आहेत. ज्या किनाऱ्यांची आपण 'फॅमिलीसाठी बेस्ट' म्हणून शिफारस करतो, तिथे लहान मुलं आणि म्हातारी माणसं जास्त येतात आणि तिथेच कुणी नसतं. हे उलटं आहे की नाही?

पाण्याचंही तसंच आहे. लाटा किनाऱ्याकडे पाणी आणून टाकतात, ते पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दोन उंचवट्यांच्या मधून किंवा कातळाच्या कडेकडेने ते जोरात आत खेचलं जातं. त्या पट्ट्यात लाट फारशी फुटत नाही, फेस कमी दिसतो. घाटावरून आलेल्या माणसाला वाटतं, इथे पाणी शांत आहे, पोरांना इथेच उतरवू. नेमकी तिथेच ओढ असते. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं, ओढीचा पट्टा संपला की मग किनाऱ्याकडे यायचं. पोहता येत नसेल तर अंग सैल सोडून तरंगत राहायचं आणि हात वर करायचा. आणि बुडणाऱ्याला वाचवायला रिकाम्या हाताने उडी मारू नका. रिकामा कॅन, ट्यूब, दोर, जे असेल ते फेका. एकाला वाचवायला गेलेले दुसरे-तिसरे बुडतात, हे मी बातमीदारीत पुन्हा पुन्हा लिहिलंय.

कड्याचं वेगळं. ऊन लागतं म्हणून आपण कड्याच्या सावलीत चटई टाकतो. मी पण टाकली होती. वरचा जांभा कडक, पण त्याच्याखाली बऱ्याच ठिकाणी मऊ मातीचा थर असतो. पावसाचं पाणी जांभ्यातून मुरून त्या थरात उतरतं, खालून समुद्र पायथा पोखरतो. वरचा दगड अधांतरी राहतो आणि कधीतरी खाली येतो. पायथ्याशी ताजे पडलेले लाल दगड दिसले तर तिथे बसायचं नाही, आणि वर फोटोसाठी कडेपर्यंत जायचं नाही. एवढं सांगणारी एक पाटी पुरते. तीसुद्धा तिथे नव्हती.

मग तिथे काय होतं? वर सड्यावर सेल्फी पॉइंट होता. गावावर प्रेम असल्याची मोठी इंग्रजी अक्षरं, दोन सिमेंटची बाकं, स्टीलचं रेलिंग. रेलिंगला खाऱ्या वाऱ्याने गंज चढलाय. शेजारी स्वच्छतागृह, त्याला कुलूप. किल्ली ज्याच्याकडे तो लग्नाला गेला होता. माझी बायको आणि आई सकाळपासून घोट घोट पाणी पीत होत्या. का, ते प्रत्येक घरातल्या बाईला विचारा. आपल्याकडे सहलीला निघालेल्या बायकांनी तहान मारायची, हे आपण इतकं गृहीत धरलंय की त्याची तक्रारसुद्धा कुणी करत नाही. आणि त्या जागेला आपण 'फॅमिली' किनारा म्हणतो.

आता नेहमीची उत्तरं घेऊ. मला ती पाठ आहेत.

पहिलं उत्तर: "पर्यटक बेशिस्त आहेत." आहेत. दारू पिऊन पाण्यात उतरणारे आहेत, वाळूत गाडी घालून नंतर ट्रॅक्टर शोधणारे आहेत. त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण सांगलीचं ते कुटुंब बेशिस्त नव्हतं. त्यांना भरतीचं गणित माहीत नव्हतं, इतकंच. मिरजेच्या माणसाला ते माहीत असायचं कारण काय? आपल्याला तरी कुठे येतं? आमच्या आजोबांच्या पिढीला यायचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीनच्या सुमारास भरती. पौर्णिमेला, अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. घरात संकष्टी, बायकोचा उपास, म्हणजे चतुर्थी मला माहीत होती. समुद्रापासून तासाभराच्या अंतरावर जन्म काढलेला मी, गणित डोक्यात होतं आणि मी ते केलं नाही. आईचे गुडघे दुखले नसते तर आम्ही सहाजणही पलीकडे असतो. मग बाहेरून आलेल्याला बेशिस्त म्हणायचा मला काय अधिकार?

दुसरं उत्तर: "बंदी घातली होती." पावसाळ्यात जिल्ह्याजिल्ह्यांत आदेश निघतात. पूर्वी कलम १४४ असायचं, आता नव्या कायद्यात कलम १६३ आहे. पावसाळ्यातल्या बंदीला माझा विरोध नाही. खवळलेल्या समुद्रात कुणी उतरू नये. पण जरा आठवा. रायगडातल्या मुरुडला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले ते १ फेब्रुवारी २०१६ रोजी. मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे ८ जण गेले ते एप्रिल २०१७ मध्ये. फेब्रुवारी आणि एप्रिल. म्हणजे पाऊस नाही, वादळ नाही, ऐन पर्यटनाचा हंगाम, आपणच 'या या' म्हणतो ते दिवस. पावसाळी बंदीचा कागद त्यांच्या काय कामाचा होता? कागदाला पोहता येत नाही आणि कागद शिट्टी मारत नाही.

तिसरं उत्तर: "महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा. कुठे कुठे माणसं उभी करणार?" कुठे कुठे नाही. जिथे तुम्ही पर्यटकांना बोलावता तिथे. हिशेब सोपा आहे. ज्या किनाऱ्याकडे जायची पाटी तुम्ही रस्त्यावर लावलीत, ज्याच्या वाहनतळाची पावती फाडता, ज्याच्या कड्यावर सेल्फी पॉइंट बांधलात, त्या किनाऱ्याची जबाबदारी तुमची. बोलावलं नसेल तर तसं स्पष्ट लिहा: इथे जीवरक्षक नाही, पाण्यात उतरू नका. बोलवायचं आणि नंतर हात वर करायचे, हे चालणार नाही.

शेजारी गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक ठेवलेत. पोहायची जागा लाल-पिवळ्या झेंड्यांनी आखलेली असते, आणि कुणी भलतीकडे उतरलं की शिट्टी वाजते. तिथे कुणीच बुडत नाही असं नाही. पण तिथे बघायला माणूस आहे. आपल्याकडे ब्लू फ्लॅगची चर्चा चालते, आपल्याच जिल्ह्यातल्या गुहागर, लाडघरची नावं त्यासाठी पुढे आली, आनंद आहे. त्या मानांकनाचे ३३ निकष आहेत आणि त्यांत जीवरक्षक, प्रथमोपचार, स्वच्छतागृह हे सगळं आहे. म्हणजे काय करायचं ते सरकारला माहीत आहे. दोन-चार किनाऱ्यांवर झेंडा फडकवायला जे करता, त्यातलं निम्मं बाकीच्यांसाठी करा. झेंडा नको आम्हाला.

चौथं उत्तर, सगळ्यात लाडकं: "निधी नाही." हिशेब करू. गावातली पोहणारी दोन पोरं, रीतसर प्रशिक्षण देऊन, महिना १५ हजारांवर, बारा महिने. वर्षाचे ३ लाख ६० हजार. गाडीमागे ५० रुपये वाहनतळ धरला तर ७,२०० गाड्या. म्हणजे दिवसाला सरासरी वीस. आम्ही गेलो तेव्हा ऐन रविवारी खाली दोनच कुटुंबं होती, पण वर सड्यावर दुपारपर्यंत तीस-बत्तीस गाड्या येऊन फोटो काढून गेल्या. त्यांच्याकडून पावती घ्यायला कुणी नव्हतं. आणि नसतील पुरेशा गाड्या, तर सेल्फी पॉइंटला जिथून पैसे आले तिथून आणा. ती अक्षरं बांधायला निधी मिळतो आणि माणसाला पगार द्यायला मिळत नाही, कारण अक्षरांचं उद्घाटन करता येतं, फीत कापता येते. पगाराचं उद्घाटन होत नाही.

माझ्या ओळखीचा एक मुलगा एका हंगामात जीवरक्षक होता. मासा बरा इतका पोहायचा. 'मानधन' म्हणत ठेवला, तीन महिन्यांचे पैसे थकवले, पावसाळ्यात घरी पाठवला. आता तो गोव्यात नोकरी करतो. आपली पोरं, आपलं पोहणं, आणि वाचतात दुसऱ्याच्या किनाऱ्यावरची माणसं.

काहीजण म्हणतील, पत्रकारसाहेब, तुम्ही माणसं उभी करा म्हणता, पाट्या लावा म्हणता, मग शांतता कुठे राहिली? मला हा आक्षेप कळतो. मलाही तिथे टपऱ्यांची रांग नको आहे. पण एक माणूस वाळूवर उंच खुर्चीवर बसला म्हणून शांतता मोडत नाही. उलट तो असेल तर गाड्या वाळूत येणार नाहीत, बाटल्या फुटणार नाहीत, बायकांना चार वाजल्यानंतर भीती वाटणार नाही. आज त्या किनाऱ्याची शांतता वाडीतल्या लोकांच्या जिवावर टिकून आहे. कचरा ते उचलतात, रुतलेल्या गाड्या ते काढतात, बुडणाऱ्याला ते वाचवतात आणि नाही वाचला तर मध्यरात्री होड्या घेऊन शोधायलाही तेच जातात. फुकट. स्वतःचं डिझेल जाळून. वर बातमीत त्यांचं नाव 'स्थानिक ग्रामस्थ'. मीच लिहितो तसं.

तर माझ्या मागण्या लिहून ठेवतो. ज्यांना ग्रामसभेत मांडायच्या असतील त्यांनी खुशाल मांडा.

एक. पाटी लावून पर्यटकांना बोलावलेल्या प्रत्येक किनाऱ्यावर, सकाळपासून सूर्यास्तापर्यंत, गावातले दोन प्रशिक्षित जीवरक्षक. बारा महिन्यांचा पगार, मानधन नव्हे.

दोन. किनाऱ्यावर उतरायच्या वाटेवरच फळा आणि खडू. आजची भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, कुठल्या टोकापलीकडे जायचं नाही. रोज सकाळी एकाने लिहायचं. याला निविदा लागत नाही.

तीन. दोर, ट्यूब आणि प्रथमोपचाराची पेटी खाली वाळूवर. वर कार्यालयाच्या कपाटात नको.

चार. स्वच्छतागृह उघडं. कुलूपच लावायचं असेल तर सेल्फी पॉइंटला लावा.

पाच. वाहनतळाच्या पैशांचा हिशेब फलकावर, आणि त्यातला पहिला खर्च जीवरक्षकांचा पगार.

हॉटेल आणि होमस्टेवाल्या मित्रांनो, तुम्हालाही एक काम आहे. पाहुण्यांना सोलकढीबरोबर भरतीची वेळही सांगा. आणि आम्हा पत्रकारांसाठी, रील करणाऱ्या पोरांसाठी: किनाऱ्याबद्दल 'फॅमिलीसाठी उत्तम' असं लिहिण्याआधी तिथे बघायला माणूस आहे का, एवढं विचारा. नसेल तर तसं लिहा.

त्या दिवशी निघताना सांगलीच्या त्या आजींनी मच्छीमाराच्या हातात पाचशेची नोट द्यायला बघितली. त्याने घेतली नाही. म्हणाला, "पोराला खाऊ घ्या." मग जाळं उचलून घरी गेला. त्याची दुपार गेली, जाळं तसंच राहिलं.

येत्या ग्रामसभेला मी त्या गावात जाणार आहे. मी त्या गावचा नाही, बोलायला देतील की नाही माहीत नाही. पण काका बोलणार आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी मेसेज करा. पोस्ट पटली तर शेअर करा, कॉपी-पेस्ट केली तरी चालेल, माझं नाव नसलं तरी चालेल. फक्त भरतीचं गणित कापू नका. तिथीची पाऊणपट.